खोली रिकामी आहे, पण परवानगी घेतलीत का?

माझी आत्या नोएडाला राहते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, काका निवृत्त झाले आणि फ्लॅटमधली एक खोली नुसती पडून राहिली. एके दिवशी तिचा फोन आला, ‘‘अगं, ते अॅपवर खोली टाकतात ते कसं? शेजारच्या टॉवरमधली एकजण म्हणे चांगले पैसे कमावते.’’ मी लिहिण्याचं काम करते म्हणजे मोबाइलमधलं मला सगळं कळतं, असा आत्याचा ठाम समज आहे. मी फोटो काढून दिले, चार ओळी लिहून दिल्या. अर्ध्या तासात खोली अॅपवर झळकली.

दोन पाहुणे येऊन गेले आणि सोसायटीची नोटीस आली. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं दिसतात, फ्लॅटचा व्यावसायिक वापर थांबवा, नाहीतर पोलिसांना कळवू. आत्या रडवेली झाली. खरं तर चूक माझी होती. अॅपवर खोली टाकता येते म्हणजे ती भाड्याने देण्याची परवानगी मिळाली, असं मीही धरून चालले होते.

तुमच्याही मनात असा विचार असेल, तर एवढं लक्षात ठेवा की अॅप ही फक्त जाहिरात आहे. परवानगी सरकार देतं, आणि ते कुठलं सरकार, हा दिल्लीच्या आसपास मोठा गमतीचा प्रश्न आहे. मेट्रोची ब्लू लाइन यमुना ओलांडून नोएडात शिरते तेव्हा खिडकीबाहेर काही बदलत नाही, पण कायदा बदललेला असतो. नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात, गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात. करोलबागेतल्या मैत्रिणीने सांगितलेला नियम इंदिरापुरममध्ये चालेलच असं नाही.

दिल्लीत २०१०च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा येऊ घातल्या होत्या आणि हॉटेलच्या खोल्या कमी पडतील अशी धास्ती होती. म्हणून लोकांच्या घरातल्या खोल्यांकडे लक्ष गेलं. केंद्राने ‘अतुल्य भारत’च्या नावाने बेड अँड ब्रेकफास्ट योजना आणली आणि दिल्लीने २००७ साली त्यासाठी वेगळा कायदाच केला. आपल्याकडे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने याच प्रकारच्या योजनेला ‘निवास व न्याहारी’ असं सुरेख नाव दिलं. कोकणात उतरला असाल तर घराच्या दारावरची ती पाटी तुम्ही पाहिली असेल. गोव्यात तर पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२पासून आहे.

केंद्राच्या योजनेत कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त सहा खोल्या, म्हणजे बारा खाटा, देता येतात. दर्जे दोन, सिल्व्हर आणि गोल्ड. तपासणीला येणारे लोक खोलीचं माप घेतात, बाथरूम पाहतात, पिण्याच्या पाण्याची सोय आणि स्वयंपाकघराची स्वच्छता बघतात, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही आहे का ते विचारतात. नोएडावाल्यांसाठी उत्तर प्रदेश सरकारने २०२५मध्ये होमस्टेचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं. तिथेही मर्यादा सहा खोल्या आणि बारा खाटांचीच आहे, आणि मंजुरी जिल्हा पातळीवर मिळते, लखनौला खेटे घालावे लागत नाहीत. पाहुणा सलग सात दिवस राहू शकतो.

मालक कुठे राहतो?

केंद्राच्या योजनेतली सगळ्यात महत्त्वाची अट खोलीच्या मापाची नाही. मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं, ही आहे. गुरुग्राममध्ये तीन फ्लॅट घेऊन दाराला नंबरचं कुलूप लावायचं आणि स्वतः दुसऱ्या शहरात बसून बुकिंग घ्यायची, हे या योजनेत बसत नाही. ते घरगुती पाहुणचार नाही, धंदा आहे, आणि धंद्याचे नियम वेगळे असतात.

अनेकांना ही अट जाचक वाटते. मला मात्र तीच सगळ्यात शहाणी वाटते. घरात आत्या आणि काका असताना पाहुणे रात्री दोनला स्पीकर लावणार नाहीत. गॅसचा वास आला तर कुणाच्या तरी लक्षात येईल. १२ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे करोलबागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलला आग लागली आणि १७ जण गेले. ते हॉटेल होतं, घर नव्हतं, हे खरं. पण अनोळखी इमारतीत झोपलेल्या माणसाला अंधारात बाहेरचा रस्ता माहीत नसतो, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून अग्निशामक नळकांडं घ्याच, आणि पाहुणा आला की चहाआधी त्याला जिना दाखवा.

आता कागदांचं. पाहुण्याचं ओळखपत्र बघून नोंदवहीत लिहायचं, स्थानिक पोलिसांना काय कळवायचं ते ठाण्यात जाऊन विचारायचं. पाहुणा परदेशी असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. याला लोक वर्षानुवर्षं ‘सी फॉर्म’ म्हणत आले आहेत. मुलाचा अमेरिकन मित्र आहे, घरचाच आहे, असं म्हणून हे टाळू नका.

जीएसटीचं नाव ऐकून आत्या सर्वात जास्त घाबरली होती. साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर छोट्या घरमालकाला स्वतःची नोंदणी लागत नाही. अशा मालकाची खोली अॅपवरून गेली, तर त्यावरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी अॅपवर असते. मिळालेलं भाडं मात्र तुमचं उत्पन्नच आहे, ते प्राप्तिकराच्या विवरणात दाखवायला विसरू नका.

आणि या सगळ्याच्या आधी सोसायटीचे उपविधी वाचा. सरकारी प्रमाणपत्र हातात असलं तरी शेजाऱ्यांशी रोज उठून भांडता येत नाही.

खोली घेणारे तुम्ही असाल तर

आपल्याकडून दिल्लीला माणसं काही लाल किल्ला पाहायलाच येत नाहीत. कुणी एम्समध्ये उपचारांसाठी येतं, कुणी यूपीएससीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलीसोबत. अशा वेळी स्वस्त खोली दिसली की आपण पटकन पैसे भरून मोकळे होतो. आधी मालकाला एक फोन करा. तुम्ही त्याच घरात राहता का, नोंदणी क्रमांक काय, पावती मिळेल का, एवढं विचारा. नोंदणी असलेला माणूस क्रमांक लगेच सांगतो. ‘‘त्याची काय गरज, तुम्ही या तर खरं,’’ असं उत्तर आलं, तर दुसरी खोली बघा. तळघरातली खोली असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

आत्याने अॅपवरची खोली त्याच दिवशी काढून टाकली. मग काका सोसायटीच्या बैठकीत गेले, नोटीस पाठवणाऱ्यांशेजारीच बसले आणि म्हणाले, नोंदणी होईपर्यंत एकही पाहुणा येणार नाही, आणि आल्यावर प्रत्येकाचं नाव आधी गेटवर दिलेलं असेल. बऱ्याच वादानंतर सचिवांनी मान डोलावली. अर्ज आता गेला आहे. तपासणीला कुणी आलेलं नाही, पण आत्याने नोंदवही आणून तिला खाकी कव्हर घातलंय, आणि न्याहारीला पोहे ठेवायचे की इकडच्या लोकांसाठी पराठे, यावर काकांशी तिचा रोज वाद चालू आहे.