लोंढ्यावरून गेलेल्या साथी

लोंढा गाव म्हणून लहान, पण जंक्शन म्हणून मोठं. खानापूर तालुक्याच्या रानात तीन वाटा इथे एकत्र येतात. एक मिरज-बेळगावकडून, दुसरी अळणावरमार्गे धारवाड-हुबळीकडून, आणि तिसरी तिनईघाट, कॅसलरॉक करत घाट उतरून गोव्याकडे जाणारी. सदर्न मराठा रेल्वेचे हे रूळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला पडले, आणि त्यांना दहा वर्षं होतात न होतात तोच मुंबई इलाख्यात प्लेग आला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत कुठल्या साथीला कुणाला अडवलं आणि कशाला मोकळं सोडलं, याचा हिशेब मांडायला लोंढ्यासारखी जागा नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला. चार कलमांचा हा कायदा, पण त्याच्या जोरावर सरकार कुणाच्याही घरात शिरू शकत होतं, कुणालाही गाडीतून उतरवू शकत होतं. पुण्यात त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. ते सगळ्यांना ठाऊक आहे. रेल्वेवर काय चाललं होतं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. ठरावीक स्टेशनांवर तिसऱ्या वर्गाचे उतारू फलाटावर रांगेत उभे केले जात. डॉक्टर मान, काख, जांघ चाचपून गाठ आहे का बघत. बायकांचीही तपासणी होई आणि त्यावरूनच सर्वांत जास्त संताप उसळे. संशय आला की माणूस छावणीत, गाठोडं वाफेच्या भट्टीत. पहिल्या वर्गातल्या साहेबाला हा जाच नव्हता. लाखो उतारू असे तपासले गेले आणि त्यांत प्लेगचे रोगी सापडले ते फारच थोडे.

कारण प्लेग तिकीट काढून येतच नव्हता. तो उंदरावरच्या पिसवेतून येत होता, आणि उंदीर व पिसवा फिरत होत्या धान्याच्या पोत्यांबरोबर. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत पिसवेचा हा भाग प्रयोगाने दाखवला, पण त्याचं म्हणणं गळी उतरायला पुढची आठ-दहा वर्षं गेली. तोवर माणसाची काख तपासली जात राहिली आणि मालगाडीच्या डब्यांतून प्लेग पेठांपेठांत पोचत राहिला. हुबळी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. 1898 मध्ये तिथे हाहाकार उडाला. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 1891 मध्ये दहा लाखांच्या वर होती. 1901 मध्ये ती त्याच्या खाली आली आणि 1911 मध्ये आणखी घटली. दुष्काळाचाही त्यात वाटा होता, पण प्लेगने फिरून फिरून केलेले घाव मोठे होते.

गावच्या माणसांना मात्र एक गोष्ट कुणी शिकवावी लागली नाही. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचं. माळावर, शेतात झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच चूल मांडायची. पिसवांचं शास्त्र कळण्याआधी लोकांनी काढलेला हा उपाय अगदी नेमका होता, कारण त्याने माणूस उंदरापासून तुटत होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनीही लोकांना गावाबाहेर राहायला लावण्यावरच भर दिला. घरांची कौलं उतरवून आत ऊन घेण्याची रीतही पडली. याउलट, भिंतींवर कार्बोलिकचे फवारे मारणाऱ्या पथकांनी उंदरांना फक्त शेजारच्या घरात पिटाळलं, अशी तक्रार त्या काळी सर्रास होती.

दुसरा कामाचा उपाय लसीचा. वाल्डेमार हाफकीन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मोठ्या प्रमाणावर तिची परीक्षा झाली ती आपल्या जवळच, हुबळीत. 1898 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथे तीस हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली. ताप जबर येई, हात सुजे, संरक्षणही पुरतं नव्हतं. पण टोचलेले मरत होते ते न टोचलेल्यांपेक्षा कितीतरी कमी. टोचून घेतल्याचा दाखला मिळे आणि तो दाखवला की छावणीतून सूट. लोक रांगेत उभे राहिले ते थोडे लसीवरच्या विश्वासाने आणि बरेचसे छावणीच्या धास्तीने, असं मला वाटतं.

वीस वर्षांनी मानमोडी आली. जून 1918 मध्ये मुंबई बंदरातून शिरलेला हा इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा उसळला तो जीव घेतच. ही साथ खरोखर माणसाच्या श्वासावर चालणारी, आगगाडीच्या गच्च भरलेल्या डब्यातून गावोगाव जाणारी. आणि या वेळी फलाटावर कुणालाही अडवलं गेलं नाही! सरकारी डॉक्टर महायुद्धावर गेलेले, पाऊस हुकलेला, धान्य महाग. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली. 1911 ते 1921 हे देशाची लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक. प्लेगात उतारूंचा छळ केलेल्या सरकारने उतारूंची खरी साथ आली तेव्हा हात वर केले.

लोंढ्याच्या रानाला जुना आजार हिवतापाचा. त्याचा उपाय स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मिळाला. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी शेजारच्या उत्तर कन्नड आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोहीम उभी केली, आणि 1953 च्या राष्ट्रीय कार्यक्रमाला तिचा आधार झाला. इथे कुणाला अडवायचं नव्हतं, डास बसतो त्या भिंतीला गाठायचं होतं.

2020 मध्ये कोविड आला आणि 1897 चाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. कर्नाटकाने त्याच वर्षी स्वतःचा नवा साथरोग कायदा केला. मार्चच्या शेवटी गाड्या थांबल्या. पहिल्या आठवड्यांत त्याने साथीचा वेग नक्कीच मंदावला, हे मान्य करायला हवं. पण पुढे 2021 मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआरचा दाखला मागायला सुरुवात झाली तेव्हा विषाणू दोन्हीकडे मुरलेला होता. दवाखाना, बाजार आणि सोयरीक सीमेपलीकडे असलेल्या माणसांची फरफट झाली. मरीआईचा गाडा ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडायचा, त्यातला प्रकार. साथ उतरवायला खरा हातभार लागला तो लसीचा.

आता या पट्ट्यात नवा पाहुणा आहे, माकडताप. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा रोग उत्तरेकडे सरकत 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. काजूच्या कामाला गोव्यात गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांनाही त्याने गाठलं. तो गोचिडीतून होतो. माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे गोव्याच्या वाटेवरच्या अनमोडच्या नाक्यावर कितीही तपासण्या केल्या तरी त्याचं काही बिघडणार नाही. पण प्लेगात जसे आधी उंदीर पडत, तशी इथे आधी वानरं पडतात, आणि ती प्रथम दिसतात रानात जाणाऱ्यालाच. हंगामात काजूला, सरपणाला, गुरांमागे जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, संध्याकाळी अंगावरच्या गोचिडी बघाव्यात. मेलेलं वानर दिसलं तर हात न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावं. आणि कळवायला आलेल्या माणसाला आरोग्य केंद्राने परत पाठवू नये.