कथक करताना टाच का दुखते?
विक्रोळीत अनेक मुली सोसायटीच्या हॉलमध्ये, लादीवर अनवाणी तत्कार करतात. बॅलेप्रमाणेच इथेही टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीवर, वारंवार ताण येतो. सकाळची पहिली पावले दुखतात, चालल्यावर बरे वाटते. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

निदान बहुधा तपासणीतूनच होते: कंडरा चिमटीत धरली की दुखते. हाड दाबल्यावर दुखत असेल, तर बारीक तडा नाही ना, हे एक्स-रे किंवा एमआरआयने पाहावे लागते.

नाच पूर्ण बंद करू नका. वेळ आणि लय कमी करा, घुंगरू काही दिवस बाजूला ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून टाचा सावकाश उचलण्याचा व्यायाम शिका. फरक पडायला साधारण १२ आठवडे लागतात. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन टाळा, ती तुटू शकते. अचानक ‘फट्’ आवाज होऊन चवड्यावर उभे राहता आले नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.