नाचणीचे मोड, फडकं आणि ६८ अंश

बाळ सहा महिन्यांचं झालं की कोकणातल्या घरात नाचणी भिजत पडते. रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या पंच्यात बांधायची, मोड आले की वाळवायची, दळायची आणि पीठ वस्त्रगाळ करायचं. या पिठाची लापशी पातळ राहते, बाळाच्या घशाखाली सहज उतरते आणि तरी पोटभरीची होते. मोडाची नाचणी हलकी, असं घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. त्या हलकेपणामागे जे रसायन आहे, त्याच्याच बळावर जगातली बहुतेक बिअर तयार होते. म्हणून अख्ख्या धान्यापासून घरी बिअर करण्याच्या कलेविषयी रत्नागिरीतून लिहायचं, तर सुरुवात या लापशीपासून करणंच मला योग्य वाटतं.

दाण्यात साठवलेला स्टार्च कोंबाला जसाच्या तसा वापरता येत नाही. त्यामुळे रुजायला लागलेला दाणा अमायलेज नावाची एन्झाइम तयार करतो. ही एन्झाइम स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडतात आणि त्यांची साखर करतात. साध्या पिठाची लापशी शिजताना घट्ट होत जाते, कारण स्टार्च पाणी पिऊन फुगतो. मोडाच्या पिठात तोच स्टार्च तुटत जातो, म्हणून लापशी सैल राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर मोलाचं काम केलं. मोडाचं थोडंसं पीठ घातलं तरी बाळाची दाट लापशी पातळ होते, हे त्यांनी दाखवून दिलं आणि कुपोषणाशी लढायला आपल्याच स्वयंपाकघरातलं एक साधन हाती दिलं. तृणधान्यांत मोडातून मिळणाऱ्या अमायलेजच्या बाबतीत नाचणी फार उजवी आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेत नाचणीच्या माल्टवर वर्षानुवर्षं संशोधन झालं, त्यामागचं एक कारण हेच.

बिअरसाठी नाचणीच्या जागी बहुधा जव असतो. तो भिजवून रुजवतात आणि ठरावीक टप्प्यावर वाळवून त्याची वाढ थांबवतात. हे झालं माल्ट. ते भरडून साधारण ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की झोपलेली एन्झाइम जागी होतात आणि पाणी गोड होतं. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. ते हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं, यीस्ट घालायचं. पुढचं काम यीस्टचं.

परदेशात घरी बिअर करणारे बरेच जण डबाबंद माल्टच्या पाकापासून सुरुवात करतात, कारण धान्यापासून करायचं म्हटलं की तीन भांडी लागत: पाणी तापवायला एक, धान्य मुरवायला जाळीच्या तळाचं दुसरं आणि उकळायला तिसरं. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूअरांनी हा पसारा आवरला. मोठ्या पातेल्यात पाणी तापवायचं, त्यात जाळीदार कापडाची पिशवी सोडायची, पिशवीत भरडलेलं माल्ट ओतायचं, तासाभराने पिशवी उचलून श्रीखंडाच्या चक्क्यासारखी वर टांगायची आणि खाली उरलेलं पाणी त्याच पातेल्यात उकळायचं. एक भांडं, एक पिशवी. अनुभवी मंडळींनी आधी नाकं मुरडली. आता नवख्या माणसाला बहुतेक जण हीच पद्धत सुचवतात आणि माझ्या मते ते अगदी बरोबर आहे. पैसे आणि जागा तर वाचतेच, शिवाय मुख्य क्रिया डोळ्यांसमोर घडते.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. घरी स्वतःपुरती केलेली बिअर त्यातून सुटत नाही. पुण्यात २००९ साली डूलॅली सुरू झाली आणि नंतर मुंबई-पुण्यात इतरही छोट्या ब्रूअरी आल्या. त्या सगळ्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर चालतात. ब्रिटनने १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने केंद्रीय पातळीवरची वाट मोकळी झाली. आपल्याकडे तसं झालेलं नाही. त्यामुळे या लेखाचे दोन भाग आहेत. यीस्ट घालण्याआधीपर्यंतचं सगळं रत्नागिरीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात करता येतं. त्यात मद्य नाही. यीस्टचा भाग मेलबर्न, लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांसाठी, आणि त्यांनीही आपल्या गावचा नियम आधी पाहावा.

पहिला भागच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बिअरची चव, अंग आणि ताकद बरीचशी त्या एका तासात ठरते. दोन मुख्य अमायलेज वेगवेगळ्या तापमानाला जोमात असतात. बीटा अमायलेजला ६० ते ६५ अंश मानवतात आणि ते यीस्टला सहज पचणारी साखर करतं. अल्फा अमायलेज ७० च्या आसपास रमतं; त्याने तुटलेल्या साखळ्यांचे काही मोठे तुकडे यीस्टला पचत नाहीत, ते पेयाला दाटपणा देतात. म्हणून ६४ ला मुरवलं तर बिअर हलकी, कोरडी होते आणि ६९ ला मुरवलं तर भरदार. पाच अंशांत एवढा फरक पडतो. पाणी ८० च्या वर गेलं की मात्र एन्झाइम मरतात आणि हाती लापशी उरते. चांगला थर्मामीटर ही या छंदातली पहिली खरेदी असावी.

आता नाचणी घेऊ. एक किलो नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. उपसून ओल्या सुती फडक्यात बांधा आणि दोन ते तीन दिवस सावलीत ठेवा. रोज दोनदा पुरचुंडी सोडून दाणे धुवायचे, हाताने हलके मोकळे करायचे. सत्त्वासाठी आपण बारीक मोड दिसले की थांबतो. इथे मोड दाण्याच्या दोन-तीनपट लांब होऊ द्यायचे, म्हणजे एन्झाइम भरपूर तयार होतात. बुरशीचा वास आला किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले तर सगळं टाकून द्या, तिथे काटकसर नको. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये. दसऱ्यानंतरचं कडकडीत ऊन यासाठी उत्तम. दाणे कुरकुरीत वाळले की हातांवर चोळून सुपात पाखडायचे, वाळलेले मोड उडून जातात. ज्वारीला मोड आणून हा प्रयोग मुळीच करू नका. तिच्या कोंबात सायनाइड सोडणारा पदार्थ असतो. कोवळी ज्वारी खाऊन गुरं मरतात, हे देशावरच्या शेतकऱ्यांना ठाऊकच आहे.

आणि एक कळीची गोष्ट: हे दाणे भाजायचे नाहीत. घरी सत्त्व करताना खमंगपणासाठी मोडाची नाचणी आपण भाजतो. वास सुंदर येतो, पण त्या आचेत अमायलेज नष्ट होतं. माल्ट तयार करणारेही काही दाणे रंग-वासासाठी खरपूस भाजतात, मात्र साखर करण्याचं काम हलक्या आचेवर वाळवलेल्या फिकट माल्टवर सोपवतात. आपणही तसंच करावं: नऊ भाग उन्हात वाळवलेली नाचणी, एक भाग भाजलेली.

अर्धा किलो माल्ट मिक्सरवर रव्याइतकं जाडसर भरडून घ्या. नाचणीला जवासारखं जाड फोलपट नसतं, त्यामुळे कापडाची भोकं बुजतात. यावर ब्रूअरांचा जगभरचा उपाय म्हणजे भाताचा तूस, आणि तो आपल्याकडे प्रत्येक भातगिरणीबाहेर ढिगाने पडलेला असतो. दोन मुठी तूस स्वच्छ धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून भरडीत मिसळायचा. पिशवीसाठी पडद्याचं झिरझिरीत, विणीला घट्ट कापड शिंप्याकडून दुहेरी शिवण घालून शिवून घ्या. टोपाच्या तोंडाला बाहेरून दुमडून बसेल एवढी मोठी असावी. टोपाच्या तळाशी स्टीलची चाळण उपडी घाला, म्हणजे कापड करपत नाही.

साडेतीन लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवा, गॅस बंद करा, भरड पिशवीत ओतून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. तापमान ६८ च्या आसपास स्थिरावेल. नाचणीचा स्टार्च जवाच्या स्टार्चपेक्षा थोड्या जास्त उष्णतेला फुलतो, म्हणून ६८ च धरावेत. पहिली काही मिनिटं मिश्रण खळीसारखं जड लागतं, डाव फिरवायला जोर लागतो. मग अचानक डाव सुटा फिरू लागतो, पाणी वेगळं दिसू लागतं, रंग तांबूस होतो. चमचाभर चाखलं तर जीभ गोडी ओळखते, आणि साखरेचा तर एक दाणाही घातलेला नसतो. टोपावर झाकण ठेवून गोधडी गुंडाळा आणि तासभर थांबा.

काम झालं की नाही ते आयोडीन सांगतं. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पुरतं. पांढऱ्या बशीत टोपातल्या पाण्याचा थेंब घेऊन गार होऊ द्या, त्यावर आयोडीनचा थेंब सोडा. काळा-निळा डाग उमटला तर स्टार्च उरला आहे, आणखी वीस मिनिटं द्या. आयोडीन आपल्याच पिवळसर रंगाचं राहिलं तर स्टार्च संपला. बशीतला नमुना फेकून द्यायचा. शाळेत बटाट्यावर केलेला हा प्रयोग इथे खऱ्या कामाला येतो. मुलांना हाताशी घेऊन करावा असा हा भाग आहे.

पिशवी उचला, निथळू द्या, हातमोजे घालून पिळा. पिळल्याने तुरटपणा येतो असं काही जण सांगतात. तुरटपणा खरा येतो तो पाणी फार तापल्याने आणि त्याची आम्लता बिघडल्याने. चोथ्यात तूस असल्यामुळे तो गुरांना घालावा किंवा खतात टाकावा. खाली उरलेलं गोड पाणी वीस मिनिटं उकळा. उकळताना आल्याचे तुकडे आणि शेवटी दोन आमसुलं घातली की कडू हॉप्सची उणीव आंबट-तिखटाने भरून निघते. थंड करून प्या. कॅरिबियन बेटांत आणि व्हेनेझुएलात माल्टा नावाचं न आंबवलेलं माल्टचं पेय लहानथोर सगळे पितात, त्याच जातीचं हे आपलं पेय.

ते लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दोन दिवसांत संपवायचं. कोकणच्या हवेत गोड रसाला वेळ लागत नाही. माडाच्या पोयीतून मडक्यात ठिबकलेला रस काही तासांतच फसफसू लागतो, कोणी यीस्ट न घालता. म्हणून नीरा काढणारे मडक्याला आतून चुना लावतात. माडी काढणारा भंडारी समाज हे शास्त्र शतकानुशतकं हाताळत आला आणि १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून या कसबावर कर आणि परवान्यांचा बोजा वाढत गेला. तो इतिहास एका स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे.

परदेशातल्या वाचकांसाठी दहा लिटरचं साधं प्रमाण. वीस लिटरचं पातेलं, १४ लिटर पाणी, २.२ किलो भरडलेलं पेल माल्ट. पाणी ७० अंशांवर असताना माल्ट घाला, ६७ ला स्थिरावेल. तासभर मुरवून पिशवी काढा, पिळा. रस तासभर उकळा. सुरुवातीला पाच टक्के अल्फा आम्लाचे १५ ग्रॅम हॉप्स, शेवटच्या पाच मिनिटांत आणखी दहा. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांपर्यंत उतरवा. इथून पुढे रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. हायड्रोमीटर १.०४५ च्या आसपास दाखवेल. एल यीस्टचं अर्धं पाकीट घाला, दोन आठवडे १८ ते २० अंशांत ठेवा. आकडा १.०१० जवळ येऊन सलग तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भरा, लिटरमागे सहा ग्रॅम साखर घालून. घाई केली तर बाटली फुटते आणि काचेने जबर इजा होते. एवढी काळजी घेतली तर साडेचार टक्क्यांची स्वच्छ एल हाती येते. उष्ण गावात राहणाऱ्यांनी नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक यीस्ट वापरावं, ते पस्तीस अंशांतही गुण्यागोविंदाने आंबवतं.

आपल्या पाण्याबद्दलही सांगायला हवं. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी साधारणपणे मऊ असतं, क्षार कमी. १८४२ साली योसेफ ग्रोल याने बोहेमियातल्या पिल्सेन गावी फिकट सोनेरी बिअर काढली, तिच्या यशात तिथल्या अतिशय मऊ पाण्याचा मोठा वाटा होता. नाचणीही या कामाला नवखी नाही. सिक्कीम आणि नेपाळात आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतून बांबूच्या नळीने तोंगबा पितात. युगांडातले तेसो लोक नाचणीचं आजोन एकाच मडक्याभोवती बसून लांब नळ्यांनी पितात. उद्या राज्याने छोट्या प्रमाणावर घरगुती बिअरला परवानगी दिली, तर डोंगरउतारावर नाचणी पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला एक नवं गिऱ्हाईक मिळेल. १९७२ साली स्थापन झालेलं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ नाचणीच्या वाणांवर काम करत आलंच आहे. माल्टसाठी कोणता वाण सरस, हा प्रश्न तिथे हाती घेतला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दिवाळीच्या सुमारास नवी नाचणी बाजारात येऊ लागते. ऊन आहे तोवर एक किलोला मोड आणून ठेवा. बाळाच्या सत्त्वासाठी हवी तेवढी भाजा, पण अर्धा किलो न भाजता हवाबंद डब्यात बाजूला काढा, थर्मामीटर आणा आणि ६८ अंशांचा तो तास एकदा स्वतः पाहा.