कथा लिहिताना (भाग ७) : चित्रातला प्रश्न, सुरांतला माणूस

मागच्या आठवड्यात आपण बातमीतून आणि ऐकीव किश्श्यातून कथा कशी सुचते ते पाहिले. या वेळी चित्र आणि संगीताकडे वळू. एखादे चित्र मनातून जात नाही, एखादी मैफल रात्रभर झोपू देत नाही, आणि यावर काहीतरी लिहायलाच हवे असे वाटते. मग आपण लिहायला बसतो आणि बहुतेक वेळा त्या चित्राचे किंवा गाण्याचे वर्णन लिहून उठतो. वर्णन छान उतरते, पण कथा होत नाही. चित्राने जे दाखवले ते दाखवून झालेले असते; तेच पुन्हा शब्दांत सांगून हाती काय लागणार? कथेला जागा मिळते ती कलाकृती जिथे काहीच सांगत नाही तिथे.

हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात योहानेस व्हरमेर या डच चित्रकाराचे १६६५च्या सुमाराचे एक चित्र आहे, जेमतेम हातभर उंचीचे. डोक्याला निळे-पिवळे कापड गुंडाळलेली, कानात टपोरा मोती घातलेली मुलगी मान वळवून आपल्याकडे बघते आहे. ती कोण, हे कुणालाही ठाऊक नाही. खुद्द व्हरमेरबद्दलही मोजकीच माहिती उरली आहे : डेल्फ्ट गाव, बायको कॅथरिना, मुलाबाळांनी भरलेले घर आणि १६७५ मध्ये डोक्यावर कर्ज असताना आलेला मृत्यू.

ट्रेसी शेव्हालिए या लेखिकेच्या खोलीत तिच्या वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून या चित्राचे पोस्टर होते. पुढे काय लिहावे या काळजीत एका सकाळी ती अंथरुणात पडली होती. समोरच्या पोस्टरकडे बघता बघता तिला प्रश्न पडला : हिने असे बघावे, असे चित्रकाराने काय केले असेल? त्या प्रश्नातून १९९९ मध्ये ‘गर्ल विथ अ पर्ल इअरिंग’ ही कादंबरी आली.

हा प्रश्न नीट पाहा. ‘ही मुलगी किती सुंदर आहे’ या वाक्यात एकच माणूस आहे आणि काहीच घडत नाही. ‘चित्रकाराने काय केले असेल’ म्हटले की दोन माणसे आली, त्यांच्यातले नाते आले आणि आधी काहीतरी घडून गेलेले आले. कादंबरीत ही मुलगी व्हरमेरच्या घरची मोलकरीण आहे, ग्रीट. मोलकरणीच्या कानात एवढा मोती कुठून येणार? तो मालकिणीचा. आता चित्र पूर्ण व्हायचे तर मालकिणीच्या नकळत तिचा दागिना मोलकरणीच्या कानात जायला हवा. चित्रातला हा एवढासा तपशील सगळ्या घराला संकटात लोटतो.

शेव्हालिएने आणखी एक गोष्ट केली. चित्रकाराची नजर तिने ग्रीटच्या रोजच्या कामात उतरवली. ग्रीट भाज्या चिरते तेव्हा त्या रंगांप्रमाणे मांडून ठेवते, आणि व्हरमेरचे लक्ष पहिल्यांदा तिथेच जाते. स्टुडिओ झाडताना एकही वस्तू जागची हलता कामा नये, म्हणून ती वस्तूंमधली अंतरे स्वतःच्या हाताने मोजून ठेवते. पुढे ती रंग खलायला शिकते. चित्रकलेबद्दल व्याख्यान न ऐकता वाचक चित्रकाराच्या खोलीत वावरू लागतो.

संगीताची गोष्ट अधिक अवघड. तिथे चेहरा नाही, मोती नाही, बोट ठेवून दाखवावे असे काहीच नाही. लिओ टॉलस्टॉय यांची ‘क्रॉइट्झर सोनाटा’ ही १८८९ मधली दीर्घकथा यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. कथेच्या नावातला सोनाटा बीथोव्हनचा, १८०३ मधला, व्हायोलिन आणि पियानोसाठी रचलेला. १८८८ मध्ये टॉलस्टॉय यांच्या मॉस्कोतल्या घरी तो वाजवला गेला आणि त्यांना हलवून गेला. यावर आपण कथा लिहावी आणि चित्रकार इल्या रेपिनने चित्र काढावे, असेही तिथे ठरले. रेपिनचे चित्र झालेच नाही. कथा मात्र झाली, कारण टॉलस्टॉय यांच्याकडे आणखी एक गोष्ट आधीपासून होती. आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी प्रवाशाने आपल्या बायकोच्या बेइमानीची कहाणी सांगितली, असा किस्सा एका नटाने त्यांना ऐकवला होता. सोनाटाने कथानक दिले नाही. पडून असलेल्या किश्श्यात त्याने जीव ओतला.

कथेत पोझ्निशेव्ह हा नवरा गाडीतल्या सहप्रवाशाला आपण बायकोचा खून कसा केला ते सांगतो. त्या कहाणीतल्या एका रात्री बायको पियानोवर, पाहुणा व्हायोलिनवर, आणि हा समोर बसून ऐकतो आहे. टॉलस्टॉय सुरांचे वर्णन जवळजवळ करतच नाहीत. ऐकणाऱ्या माणसाच्या आत काय होते तेवढेच ते सांगतात. आश्चर्य म्हणजे त्या रात्री पोझ्निशेव्हचा मत्सर मावळतो, त्याला हलके, मोकळे वाटते. मत्सर उसळतो तो नंतर, परगावी असताना, बायकोच्या पत्रातल्या साध्या उल्लेखावरून. मग तो संगीतालाच दोष देऊ लागतो : कूच करण्याच्या सुरावर माणूस चालतो, नाचाच्या सुरावर नाचतो, पण दिवाणखान्यात हे ऐकून जे पेटते त्याचे करायचे काय? या प्रश्नावर अख्खी कथा उभी आहे.

आणि या कथेतही एक जागा रिकामी राहिली. बायकोची बाजू आपल्याला फक्त तिच्या खुन्याच्या तोंडून कळते. टॉलस्टॉय यांच्या पत्नी सोफिया यांनी उत्तरादाखल स्वतःची कादंबरी लिहिली. ती छापली गेली १९९४ मध्ये. चेक संगीतकार लिओश यानाचेक याने १९२३ मध्ये या कथेवरून चार तंतुवाद्यांसाठी रचना केली, आणि त्याच्या मनात होती ती छळली गेलेली बायको. सोनाट्यातून कथा आली, कथेतून पुन्हा संगीत. प्रत्येक वेळी नवा कलावंत आत शिरला तो आधीच्याने न बोललेल्या जागेतून.

आता या आठवड्याचा अभ्यास. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेल : एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा, चेहऱ्यावर ज्योतीचा उजेड. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते समोर ठेवा आणि उजेडाबद्दल एक अक्षरही लिहू नका. चित्रातली बाई कुठून निघाली, कुणाकडे चालली आहे, वाटेत दिवा विझला तर कुणाला काय भोगावे लागेल, एवढेच लिहा.

दुसरा अभ्यास कानाचा. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा आणि तो ऐकणारे एक पात्र कल्पा, ज्याला त्या क्षणी गाणे ऐकायची अजिबात इच्छा नाही. ‘सुंदर’, ‘स्वर्गीय’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द वर्ज्य. गाणे संपल्यावर त्या माणसाने असे काहीतरी करावे, जे ते सुरू होण्याआधी त्याने केले नसते. ती कृती सापडली की कथा सापडली असे समजा.

दोन्ही अभ्यास एका पानापेक्षा मोठे नकोत. पुढच्या भागात ही पाने घेऊन बसू आणि पहिल्या खर्ड्यातून काय काढून टाकायचे ते पाहू.