दिवेलागणीचे गणित

आपण एक सायकल स्टँडवर उभी करू आणि पायडल हाताने एकसारखे फिरवू. आता एका विद्यार्थ्याला मागच्या टायरवर फडके अलगद दाबायला सांगू. चाक मंदावते, वेग टिकवायला हाताचा जोर वाढवावा लागतो. फडके काढले आणि जोर तसाच ठेवला, तर चाकाचा वेग वाढतो.

देशाचे वीजजाळे असेच चालते. आपण पंखा लावला की कुठेतरी जनित्रावर तेवढा भार पडतो. तारांमध्ये वीज साठून राहत नाही, म्हणून निर्मिती आणि वापर क्षणोक्षणी जुळावे लागतात. ते जुळतात का, हे वारंवारता सांगते. भारतात ती ५० हर्ट्झच्या आसपास राखतात. मागणी वरचढ झाली की ती घसरते, निर्मिती वरचढ झाली की चढते. जाळे कोसळले तर काय होते, ते ३१ जुलै २०१२ रोजी दिसले : उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली.

कोळशावरचे संच मागणीनुसार कमीजास्त करता येतात. ऊन-वारा मात्र आपले ऐकत नाहीत. दुपारी मुबलक असलेली सौरवीज नेमकी दिवेलागणीला संपते. शिवाय जनित्राचे जड चाक धक्का बसला तरी जडत्वामुळे लगेच मंदावत नाही. सौरपट्टीत फिरणारे काहीच नसते.

मग तोल सांभाळायचा कसा? ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले. मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली आणि पुन्हा चढली. त्या वेळी मुख्यतः जलविद्युत संचांचे उत्पादन झटपट कमी-अधिक करून जाळे सावरले. वेळ आधी ठाऊक होती, म्हणून तयारी करता आली.

सूर्यास्ताची वेळही ठाऊकच असते! ढग आणि वारा यांचा मात्र अंदाज बांधावा लागतो. म्हणून हवामानाचा अंदाज, दूरदूरच्या प्रदेशांना जोडणाऱ्या वाहिन्या आणि साठवण ही तिन्ही हवीत. आपल्या घाटघर प्रकल्पात जादा विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज घेतात.

चौथा उपाय आपल्या हाती आहे. घरातले कोणते काम संध्याकाळऐवजी दुपारी करता येईल? टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपापासून सुरुवात करून वर्गात यादी करून पाहू या.