गुणांपेक्षा चित्र बरं

मनगटावरचं घड्याळ सकाळी उठल्याबरोबर झोपेला शंभरपैकी गुण देतं. त्या आकड्यापेक्षा त्याच नोंदींचं चित्र अधिक खरं बोलतं, असं माझं मत आहे. झोपेचा स्वभाव एका रात्रीत कळत नाही. बऱ्याच रात्री एकाखाली एक मांडल्या की तो उमटतो. निद्राविज्ञानाचे आद्य संशोधक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये सहकाऱ्यासह एका तान्ह्या बाळाच्या झोपेचा तक्ता प्रसिद्ध केला. दिवसाला एक ओळ, झोपेला रेघ, दूध पाजल्याच्या वेळेला ठिपका. आधी रेघा विखुरलेल्या, मग रोज थोड्या सरकत तिरप्या जाणाऱ्या आणि शेवटी रात्रीत स्थिरावलेल्या. शरीरातलं घड्याळ चोवीस तासांशी जुळतं कसं, ते इथे डोळ्यांना दिसतं. नुसती सरासरी काढली असती तर ती तिरपी चाल पुसलीच गेली असती. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका बापाने बाळाच्या पहिल्या वर्षाची झोप ब्लँकेटमध्ये विणली, तीही याच रीतीने: ओळ म्हणजे दिवस, टाका म्हणजे सहा मिनिटं. कला म्हणून ते देखणं आहेच, पण ते वाचताही येतं.

मूळ नोंदच कच्ची असेल तर चित्र म्हणजे चुकीवर चढवलेला रंग, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. घड्याळ मेंदूचे तरंग मोजत नाही. हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतं. निपचित पडून छताकडे बघत राहिलात, तर ती वेळही बऱ्याचदा झोपेत जमा होते. गाढ झोपेच्या मिनिटांवर तर फारच कमी भरवसा ठेवावा. प्रयोगशाळेतही झोपेचे टप्पे तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत ठरवतात, आणि ही मर्यादा निसर्गाची नव्हे, जुन्या आलेखयंत्राच्या कागदाची: सेकंदाला दहा मिलिमीटर सरकणाऱ्या कागदाच्या एका पानावर तेवढंच मावे! तेव्हा टप्प्यांचे निळे-जांभळे पट्टे रंगवणं हौस म्हणून ठीक. झोपायची आणि उठायची वेळ त्या मानाने भरवशाची, आणि चित्राला तेवढी पुरते. चित्रानेही काळजी वाढेल, असं कुणी म्हणेल. ‘परिपूर्ण’ झोपेच्या ध्यासाने झोप उडण्याला अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावच दिलं आहे. पण त्या ध्यासाला खतपाणी मिळतं ते रोजच्या निकालातून. महिन्याचा पट कुणाला पास-नापास करत नाही. झोपेची तक्रार असेल तर दोन आठवड्यांचा असा पट हाताने काढून डॉक्टरांकडे न्या. झोपेची रोजनिशी ते तशीही मागतातच.