वेबसाइट सोसायटीची, चावी कुणाकडे?

मंडळी, गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर बंदीची सूचना टाकायची होती. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. दोन ओळींचं काम. साइट उघडली तर तिथं जुने चेअरमन अजून हसत होते, आणि त्यांच्या फोटोखाली डिझेल सवलतीचा कधीच बाद झालेला अर्ज. आमच्यातल्या एकानं तोच अर्ज छापून भरला, कचेरीत नेला आणि तसाच परत आला. दिवस फुकट गेला तो वेगळाच.

साइट ज्यानं बनवली त्याला फोन लावला. आधी म्हणाला, 'बघतो'. मग फोनच उचलेना. शेवटी सूचना जेटीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिली. पहिली सर आली आणि फळा स्वच्छ धुऊन गेली.

तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, दोन ओळी बदलायला आपल्याला दुसऱ्याचं तोंड का बघावं लागतं?

कारण साधं आहे. आमची साइट जुन्या पद्धतीची होती. प्रत्येक पान म्हणजे कोडमध्ये लिहिलेली एक वेगळी फाइल. फोन नंबर बदलला की ज्या ज्या पानावर तो आहे ती प्रत्येक फाइल उघडायची, कोड सांभाळून बदलायची आणि परत सर्व्हरवर चढवायची. हे येणारा माणूस एकच, आणि तो फोन उचलत नाही.

यावरचा उपाय बाजारात वीस वर्षांपासून आहे आणि त्यातला सगळ्यात चालणारा फुकट मिळतो. नाव वर्डप्रेस. जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चार तरी यावर चालतात. ड्रुपल आणि जूमला ही त्याच जातीची दुसरी नावं, पण आपल्यासारख्यांना शिकायला वर्डप्रेस सोपं.

यात मजकूर एका बाजूला आणि साइटचं रूप दुसऱ्या बाजूला असतं. सूचना, फोटो, भाव हे सगळं डेटाबेसमध्ये साठतं. रंग, अक्षरं, मांडणी हे 'थीम'मध्ये. कुणी साइट उघडली की दोन्ही जोडून पान तयार होतं. ट्रॉलरला नवा रंग दिला म्हणून आतली जाळी बदलत नाहीत, तसंच. थीम बदला, मजकूर जिथल्या तिथं.

आपण फक्त लॉगिन करायचं, चौकटीत मराठीत टाइप करायचं आणि बटण दाबायचं. फोनवरूनही जमतं. सेटिंगमध्ये भाषा मराठी केली की बहुतेक बटणंही मराठीत दिसतात. चुकलं तर आधीचा मजकूर जपून ठेवलेला असतो, मागे जाता येतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सूचना आज लिहून ठेवायची आणि तारीख-वेळ द्यायची. त्या वेळी ती आपोआप लागते, लिहिणारा तेव्हा समुद्रात असला तरी.

अधिकारही वाटून देता येतात. आमच्याकडे क्लार्क 'एडिटर' आहे. सेक्रेटरींची कॉलेजात जाणारी मुलगी 'कॉन्ट्रिब्युटर', म्हणजे ती लिहू शकते, पण क्लार्कनं पाहिल्याशिवाय ते लागत नाही. (खरं सांगायचं तर ती क्लार्कच्या चुका काढते.) 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे तांडेल. ते दोघांपेक्षा जास्त नकोत, आणि एकच तर मुळीच नको.

या वर्डप्रेसची जन्मकथा आपल्या गोष्टीशी जुळते म्हणून सांगतो. त्याच्याआधी 'बी२' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणाऱ्यानं काम थांबवलं आणि वापरणारे अडकले, अगदी आमच्यासारखे. पण त्याचं लायसन्स असं होतं की कोड कुणीही घ्यावा, सुधारावा, पुढे वाटावा. अमेरिकेतला मॅट मुलेनवेग, तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा, आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी तोच कोड उचलला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस बाहेर काढलं. लायसन्स आजही तसंच आहे. म्हणून एक माणूस सोडून गेला तर दुसऱ्याला बोलावता येतं.

आता अडचणी. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी साइट ठेवायची जागा, म्हणजे होस्टिंग, आणि साइटचं नाव, म्हणजे डोमेन, यांचे पैसे भरत राहावे लागतात. दुसरं म्हणजे 'प्लगइन'. होडीवर आपण जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस बसवतो तशी ही जोड-यंत्रं. फॉर्म हवा, बसवा. फोटोंचा अल्बम हवा, बसवा. हौसेनं वीस बसवली की साइट जड होते, आणि ज्याचा कर्ता सोडून गेला ते प्लगइन म्हणजे तळाला पडलेलं भोक. चोर तिथूनच शिरतात. अपडेट आलं की करायचं, त्याला बंदीचा मोसम लागत नाही. आणि महिन्याला एकदा तरी सगळ्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवायची.

या सगळ्याला आठवड्यातून अर्धा तास बसणारं कुणीतरी लागतं. ते नसेल तर वर्डप्रेसवरही जुने चेअरमन हसतच राहतील.

आमचं खरं दुखणं मात्र वेगळंच निघालं. नवी साइट क्लार्कनं आणि त्या मुलीनं पंधरा दिवसांत उभी केली. जुन्याच नावावर लावायला गेलो तेव्हा कळलं, डोमेन सोसायटीच्या नावावर नाहीच. बनवणाऱ्यानं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पैसे आमचे, पावती त्याची. होडीचं रजिस्ट्रेशन खलाशाच्या नावावर असावं तसा प्रकार.

तेव्हा ज्यांच्या सोसायटीची, रापणीची किंवा स्वतःच्या बर्फ कारखान्याची साइट आहे, त्यांनी आजच तीन गोष्टी विचाराव्यात. डोमेन कुणाच्या नावावर? नूतनीकरणाचा ईमेल कुणाकडे येतो? ॲडमिनचा पासवर्ड कमिटीतल्या कुणाला ठाऊक आहे? ईमेल सोसायटीचाच असावा, सेक्रेटरीचा खासगी नको. सेक्रेटरी बदलतात.

आम्ही नवं नाव घेतलं, सोसायटीच्या नावानं, पावती फाइलला लावली. जुन्याचा तगादा चालू आहे. तोवर लेटरहेडवर जुना पत्ता छापलेला आहे, तो क्लार्क पेनानं खोडून नवा लिहितो.